अव्वा सांगते, अप्पा लिहितात

तेर, १८ जून १९४४

चिरंजीव अयोध्या हिला तेरहून अप्पा आणि अव्वा यांचे भरभरून आशीर्वाद.

तू जाऊन आज आठ दिवस झाले. येडशीला वीरभद्रानं तुला आगगाडीतनं उतरवून वाशीच्या सर्विस मोटारीत बसवलं, एवढं त्याचं कार्ड आलं. पुढचं तुझ्याकडून कळायचं आहे. अव्वा समोर शेंगा फोडत बसली आहे. ती सांगते, मी लिहितो. तिची ताकीद आहे की मी सांगीन तसंच उतरवा, दुकानदाराचं शहाणपण घालू नका. म्हणून आता तिचं बोलणं.

पोरी, शेजार कसा हाय ते आधी लिही. चुलीचा धूर डोळ्यात येत असंल तर वारा बघून बसत जा. ज्वारी सहा महिन्यांची दिलीय, तिला एकदा ऊन दाखव, न्हायतर सोंडे होतील. तवा, काटवट, पातेलं आन् घोंगडं, ह्या घरातनं जाणाऱ्या परतेक लेकराला एवढं दिलं, तुलाबी दिलं. वीरभद्र जाताना म्हणाला होता, अव्वा, मला तवा कशाला, मी खानावळीत जेवीन. आता येडशी स्टेशनातली माणसं त्याच्या हातचं पिठलं मागून खातात. तुझ्याआधी तिघं अशीच गेली. कुणाचे आईबाप पटकीनं नेले, कुणाला कुणी न्हवतंच. लेकरू घरातनं निघताना त्याला हाकलल्यागत वाटू न्हाय आन् बांधून ठेवल्यागतबी वाटू न्हाय, एवढीच माझी धडपड. लई शिकवायला जाऊ नको, आधी पोरींची नावं पाठ कर.

आता माझं. गावात विचारतात, अठरा वर्षांची पोर लग्न न करता परगावी मास्तरीण म्हणून धाडली? तुझे आईबाप मराठे, आम्ही लिंगायत. स्थळ बघायला गेलं की इकडचे म्हणतात ती तिकडची, तिकडचे म्हणतात ती इकडची. मी तराजूकडं बघत राहतो. अव्वा मात्र परवा एका बाईला म्हणाली, 'आधी तिचं तिला पायावर उभी राहू दे. मग ती कुणाची ते तीच सांगंल.'

पत्र लवकर टाक.

तुझा अप्पा, बंडप्पा


वाशी, २९ जून १९४४

तीर्थरूप अप्पा आणि अव्वा यांना अयोध्येचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुमचं पत्र पोस्टमननं भर शाळेत आणून दिलं. मी ते तिथंच फोडलं. मास्तरणीनं असं करायचं नसतं, हे नंतर सुचलं.

माझी खोली द्वारकाबाईंच्या परसात आहे. द्वारकाबाई विधवा आहेत, दोन म्हशी बाळगून आहेत. त्या म्हशींशी दिवसभर बोलतात आणि माझ्याशी एकदा. पहिल्या दिवशी म्हणाल्या, 'ताक लागलं तर सांग.' दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, 'तू सांगणार न्हायीस, हे घे.' अव्वा, धूर डोळ्यात येत नाही, पण भाकरी काही केल्या गोल होत नाही. तुझ्याजवळ बसून थापायचे तेव्हा व्हायची. पीठ तेच, पाणीही तसंच कोमट घेते. इथं काटवटीतून उचलली की तिचे दोन तुकडे होतात. मी ते दोन्ही भाजते आणि दोन भाकरी खाल्ल्या असं समजते.

शाळा आण्णासाहेबांच्या कडब्याच्या खोलीत भरते. आण्णासाहेब इथले मोठे जमीनदार. स्वतःच्या सुनेला लिहिता-वाचता येत नाही याची त्यांना खंत वाटली, म्हणून त्यांनी मुलींची शाळा काढली आणि सरकारातून इजाजत आणली. भिंती सारवल्या आहेत, फळा आहे, खडू आहे. शाळा उत्तम चालली आहे.

अप्पा, इथून पुढचं मोठ्यानं वाचू नका. अव्वाला अक्षर येत नाही म्हणूनच लिहायचं धाडस करते. शाळा चालत नाही. पटावर चौदा नावं आहेत आणि येतात दोन. त्यातली एक आण्णासाहेबांची नात, तिला घरून पाठवतात म्हणून येते. दुसरी तिच्या सोबतीला येते. आण्णासाहेब भले आहेत, पण काल म्हणाले, 'बाई, दिवाळीपर्यंत दहा पोरी बसल्या तर शाळा, न्हायतर पुन्हा कडबा.' मी घरोघर फिरले. आया दारातूनच बघू म्हणतात. शाळा मोडली तर मी कुठल्या तोंडानं तेरला येऊ? अव्वानं ज्वारी दिली, भांडी दिली, सगळ्या गावाची बोलणी ऐकली. तिला कळू देऊ नका.

आता पुन्हा मोठ्यानं वाचा. माझी प्रकृती चांगली आहे. शेंगांची चटणी संपली.

तुमची अयोध्या


तेर, ९ जुलै १९४४

चिरंजीव अयोध्येला आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दाखवलं. 'शाळा उत्तम चालली आहे' इथं मी थांबलो, चष्मा पुसला आणि एकदम चटणीवर आलो. अव्वा म्हणाली, 'मधलं काय झालं?' मी म्हटलं, मधे शाईचा डाग आहे. ती संध्याकाळपर्यंत शेंगा फोडत बसली. मग म्हणाली, घ्या लिहायला. हे तिचं.

पोरी, शाळा उत्तम चाललीय एवढंच लिहिलंस. तुझं तोंड कधी एवढ्या थोडक्यात मिटत न्हाय. उत्तम चालली असती तर कोण पोरगी कुठं बसती, कुणाचं नाक वाहतं, हे समदं लिहिलं असतंस. म्हंजी पोरी येत न्हायीत. तुझ्या अप्पाला खोटं बोलाया येत न्हाय, शाईचा डाग म्हणत्यात.

आता ऐक. आठ-नऊ वर्षांची पोरगी घरात काय करती? धाकटं भावंड काखंत घेती. आई रानात जाती. ती पोरगी शाळंत आली तर ते लेकरू कुठं जाईल? आईला शिक्षाण नको असं न्हाय, तिला लेकरू सांभाळायला माणूस न्हाय. त्या पोरींना सांग, भावंडं घेऊन या. तू ह्या घरात पाढे कशी शिकलीस? एक लेकरू मांडीवर, एक पाठीशी, आन् बेचा पाढा. तुला काय अवघड हाय?

भाकरीचं म्हणशील तर पाणी कमी घालतीस. आन् भीतीनं थापतीस. तुकडे झाले तर होऊ दे.

बघ, मी तिला काही सांगितलं नाही. चटणी वीरभद्राबरोबर पाठवली आहे, दोन डबे. एक द्वारकाबाईंना दे.

तुझा अप्पा


वाशी, २६ ऑगस्ट १९४४

अप्पा आणि अव्वा, दोघांना नमस्कार. हे पत्र सगळंच मोठ्यानं वाचा.

अव्वा, तुझं ऐकलं. मी पुन्हा दारोदार गेले आणि म्हटलं, धाकटं लेकरू शाळेत आणलं तरी चालेल. सोमवारी पाच पोरी आल्या, चार लेकरं घेऊन. गुरुवारी नऊ पोरी, सात लेकरं. आज पटावर सतरा पोरी आहेत. लेकरं मी मोजायचं सोडलं आहे, ती एका जागी राहत नाहीत. आण्णासाहेबांनी छताच्या आढ्याला दोन झोळ्या टांगून दिल्या. एका झोळीला दोरी बांधून तिचं टोक मी पायाच्या अंगठ्याला अडकवते, आणि फळ्यावर बेरीज लिहिते. परवा हातचा घ्यायचा राहिला, कारण नेमकं तेव्हा झोळीतलं लेकरू जागं झालं. मंदोदरी नावाची पोरगी म्हणाली, 'बाई, हातचा पाळण्यात गेला.' सगळा वर्ग हसला, मीही हसले.

द्वारकाबाई आता दिवसातून चार वेळा बोलतात. दुपारी त्या स्वतः ताकाचं गाडगं घेऊन शाळेत येतात आणि झोळीपाशी बसतात. म्हणाल्या, 'म्हशींना काय, त्या कुठं जातात.' काल त्या पहिल्या ओळीतल्या पोरींबरोबर 'क' काढत होत्या. मी बघितलं तशी पाटी उलटी केली.

आण्णासाहेबांनी कडब्यासाठी दुसरी खोली बांधायला घेतली आहे.

भाकरी आता एकच होते. गोल नाही, पण एक.

एक मनातलं. दिवाळीला शाळेला आठ दिवस सुट्टी आहे. मी तेरला येते. सरळ नदीवर जाणार आहे, तेरणेच्या पाण्यात पाय सोडून बसणार आहे, आणि अव्वाच्या हातची गव्हाची गोड हुग्गी खाणार आहे. रोज दिवस मोजते.

तुमची अयोध्या


तेर, २० सप्टेंबर १९४४

सौभाग्यकांक्षिणी अयोध्या हीस. लिहिण्यास कारण की, आपल्या अव्वा शिवकांताबाई यांचे सांगण्यावरून कळविण्यात येते की, दिवाळीस आपण तेर येथे येण्याचे करू नये. शाळेतच राहावे. घरी सर्व क्षेम आहे. पुन्हा कळवीपर्यंत येऊ नये.

हस्ते गुंडप्पा, बंडप्पांचे शेजारी


वाशी, २७ सप्टेंबर १९४४

तीर्थरूप शिवकांताबाई आणि बंडप्पा यांना सादर नमस्कार.

आपला निरोप मिळाला. तुम्ही सांगितल्याप्रमाणे येणार नाही. चौदा वर्षं तुम्ही मला सांभाळलं, त्याचे उपकार फिटण्यासारखे नाहीत. आता मी माझं बघेन. ज्वारी पुरेशी आहे, आणखी पाठवू नये.

अयोध्या


तेर, ५ ऑक्टोबर १९४४

बाळ अयोध्या,

हे पत्र मी दुकानात, मागच्या पोत्यांआड बसून लिहितो आहे. अव्वाला माहीत नाही.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. सगळं, जसंच्या तसं. वाचून संपल्यावर ती म्हणाली, 'मला तुम्ही म्हणाली ती?' मी म्हटलं, व्हय. मग ती उठून परसात गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा घासायला बसली. तिसऱ्यांदा घासायला घेतली तेव्हा मी ठरवलं की तुला खरं लिहायचं.

तुला नको म्हणायला तिनं मुद्दाम गुंडप्पाला बसवलं. मला म्हणाली, 'तुमचं पत्र मी सांगते त्याहून लांब असतं. मी काय आंधळी हाय? पानं दिसतात मला.' म्हणजे आपलं सगळं तिला पहिल्यापासून ठाऊक आहे.

आता झालं काय ते. सप्टेंबरच्या पहिल्या बाजारी तुझा काका कोंडीराम दुकानात आला. तुझ्या बापाचा सख्खा भाऊ. तू चार वर्षांची असताना, तुझे आईबाप एकाच आठवड्यात पटकीनं गेल्यावर, त्यानंच तुला खांद्यावर बसवून माझ्या ओट्यावर आणून ठेवलं होतं. म्हणाला होता, 'बंडप्पा, आठ दिवस ठेवा, मी येऊन नेतो.' त्यानंतर तो आत्ता आला. घेऊन काय आला तर एक स्थळ. पन्नाशीचा बिजवर आहे, चाळीस एकर रान आहे, मागच्या बायकोची दोन मुलं आहेत. सांगतो की दिवाळी झाली की लगेच बार उडवू. मी म्हटलं, पोरीला विचारलं पाहिजे. तर तो म्हणाला, 'रक्ताचा चुलता म्या हाय. पोलीस पाटलाला विचारा हक कुणाचा.'

अव्वा आतनं बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, 'पोरगी हैदराबादेला शिकायला गेलीय, दोन वर्षं येत न्हाय.' आयुष्यात पहिल्यांदा तिला खोटं बोलताना ऐकलं. मला जमत नाही, तिला झक्क जमलं. तेव्हापासून कोंडीराम दर बाजारी येतो, ओट्यावर बसतो, पाणी पितो आणि विचारतो, 'आली का पोरगी?' दिवाळीला तू इथं त्याच्या नजरेस पडू नयेस म्हणून तो निरोप. आणि तुला खरं कळलं तर तू घाबरशील, नाहीतर नोकरी सोडून धावत येशील, अशी तिची भीती. तिला वाटलं, तू रागावलीस तरी चालेल, पण तिथं सुखरूप राहा.

मला ते पटलं नाही. आता तू ठरव.

अप्पा


वाशी, ९ ऑक्टोबर १९४४

अप्पा, हे पत्र अव्वाला ऐकू जाईल असं वाचा. पोत्यांआड नको.

अव्वा, मी तुला तुम्ही म्हटलं. ते पत्र लिहिलं त्या दिवशी मी शाळेत एका पोरीवर विनाकारण ओरडले आणि भाकरीचे पुन्हा तुकडे झाले. मला वाटलं, घरातनं निघालेल्या माणसाची जागा मागं बुजवून टाकतात. तू असं करणार नाहीस हे मला कळायला हवं होतं. चुकले. तूच. तू, तू, तू.

पण तूही चुकलीस. लहान होते तेव्हा तू मला कणगीमागं लपवायचीस, कारण मला देवी टोचणाऱ्याची भीती वाटायची. आता मी सतरा पोरींची बाई आहे. मला लपवून ठेवलंस तर त्या काकाला उत्तर कोण देणार? दर बाजारी तू किती दिवस खोटं बोलणार? मला हैदराबादेला पाठवायचंच असेल तर खरं पाठव.

मी घाबरले आहे, खोटं सांगत नाही. द्वारकाबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, 'भ्यालीस तरी जा. भ्याल्यानं पाय गळतात असं न्हाय.' त्यांनी प्रवासाला धपाटे करून द्यायचं कबूल केलं आहे. आण्णासाहेबांनी शाळेच्या शिक्क्याचा कागद दिला, की ही बाई आमच्याकडं नोकरीला असून वर्ष संपेपर्यंत शाळेला हवी आहे. त्याचा उपयोग होईल की नाही माहीत नाही, पण कागद छान आहे.

दिवाळीच्या आदल्या दिवशी पोचते. काकांना निरोप द्या, म्हणावं पोरगी आली आहे आणि भेटायला बोलावते आहे. नोकरी सोडून येत नाही. आठ दिवसांसाठी येते आणि परत जाते.

तुझी अयोध्या


वाशी, २४ ऑक्टोबर १९४४

अव्वा, अप्पा, दोघांना नमस्कार.

सुखरूप पोचले. द्वारकाबाईंनी माझी खोली सारवून ठेवली होती आणि दारावर खडूनं 'द्वारका' असं लिहिलं होतं. 'र' उलटा आहे. मी पुसला नाही.

त्या दिवशी काका आणि मी नदीकडं गेलो, तेव्हा काय बोलणं झालं ते मी तुम्हांला नीट सांगितलं नाही. परत आल्यावर मी कामाला लागले, आणि अव्वा विचारत नव्हती. आता सांगते.

स्थळाचं सगळं ओट्यावरच बोलून झालं होतं. मी शाळेचा कागद पुढं केला तेव्हा त्यांनी तो उलटसुलट बघून परत दिला होता. घाटावर मी म्हटलं, 'काका, तुम्ही मला आठ दिवसांसाठी ठेवलं होतं.'

ते म्हणाले, 'व्हय.'

'चौदा वर्षं झाली.'

ते पायरीवर खाली बसले. टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, 'तुझा बाप गेला तवा माझ्या घरात पाच तोंडं हुती आन् रानात काय न्हवतं. खरंच आठ दिवसांनी येणार हुतो. आलोबी हुतो. बंडप्पाच्या ओट्यावर तू गूळ खात बसली हुतीस. मला वाटलं, आपल्याकडं हिला गूळ कुठला. म्हटलं पुढच्या बाजारी नेऊ. पुढच्या बाजारी तुझ्या अंगावर नवा झगा हुता.'

'म्हणजे तुम्ही येत होता?'

'दर बाजारी येतो की. दुकानापुढनं जातो. तू शाळंत जायला लागलीस ते बघितलं. एकदा पडलीस, गुडघा फुटला, तवा पुढं झालो हुतो, तर शिवकांताबाई आतनं पळत आल्या. मग मी कोण म्हणून यावं?'

मी विचारलं, 'मग आता स्थळ घेऊन का आलात?'

त्यांनी टोपी गुडघ्यावर नीट ठेवली. म्हणाले, 'रिकाम्या हातानं कसं यावं?'

अव्वा, मी मनात त्यांच्यासाठी केवढी भाषणं तयार केली होती. आगगाडीत येडशीपासून तेरपर्यंत पाठ करत आले होते. त्यातलं एकही आठवेना. मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, 'काका, मला हे लग्न करायचं नाही. पुढं करीन की नाही, कुणाशी करीन, ते मी बघेन. तुम्ही रिकाम्या हातानं या. वाशीला या, माझी शाळा बघा.' ते म्हणाले, 'त्या माणसाला काय सांगू? शबुद दिलाय.' मी म्हटलं, 'सांगा, पोरगी नोकरीला आहे आणि तिला भाकरी गोल येत नाही.' तेव्हा ते पहिल्यांदा हसले. आणि अव्वा, ते हसले की त्यांची हनुवटी माझ्यासारखी होते. मला आजपर्यंत माझ्यासारखी हनुवटी कुणाची दिसली नव्हती.

परत येताना मला वाटत होतं, की तुला हे सांगितलं तर वाईट वाटेल. आता लिहिताना वाटतं, तुला नाही वाटणार.

शाळा सोमवारी उघडते. आण्णासाहेब म्हणतात तिसरी झोळी टांगू.

तुझी अयोध्या


मुक्काम आमचं गाव, येडशीच्या पल्याड, ३ जानेवारी १९४५

चि. अयोद्या बाईस कोंडीरामचा रामराम.

हे म्या माज्या हातानं लिवलंय, चुका पोटात घाल. त्या मानसाला सांगितलं. तो चिडला, मग दुसरीकडं सोयरीक जमली, आता बोलतो. परवा वाशीच्या बाजाराला आलो हुतो. तुजी शाळा खिडकीतनं बगितली. आत आलो न्हाय, तू शिकवत हुतीस. पायानं झोळी हालवत हुतीस.

माजी धाकटी लक्ष्मी नऊ वर्साची हाय. तिची आई मागल्या साली गेली. घरात समदी गडीमानसं. पोरगी गप बसती. तुज्याकडं ठिवशील का. शिकव. ज्वारी म्या घालतो, दर म्हैन्याला सोता घेऊन येतो. आठ दिवस म्हणत न्हाय. किती दिवस ते तू सांग. पर म्या येनार. दर बाजारी आत येनार.

कोंडीराम


वाशी, ७ जानेवारी १९४५

अव्वा, काकांचं पत्र सोबत पाठवते. अप्पा वाचून दाखवतील.

मी हो कळवलं. कळवून टाकलं आणि मग बसून विचार केला. मी एकोणिसाव्या वर्षात आहे, खोली एक आहे, भाकरी आत्ता कुठं गोल व्हायला लागली आहे. शाळेतली लेकरं संध्याकाळी आपापल्या घरी जातात. ही जाणार नाही. द्वारकाबाई म्हणतात, एका पोरीनं काय होतंय. पण त्यांनाही लेकरू नाही, लेकरू कसं वाढवायचं ते आम्हा दोघींनाही ठाऊक नाही.

ती संक्रांतीनंतर येते. दुसऱ्याचं लेकरू घरी आलं की पहिल्या दिवशी काय करायचं? नंतरचं नंतर विचारीन. पहिल्या दिवसाचं सांग.

तुझी अयोध्या


तेर, १२ जानेवारी १९४५

चिरंजीव अयोध्येला आणि वाट बघत असलेल्या द्वारकाबाईंना आमचे आशीर्वाद.

तुझं पत्र ऐकून अव्वा आधी हसली, मग म्हणाली, लिहा. हे तिचं.

पोरी, पयल्या दिवशी काय करू नको. लई लाड करू नको, ते लेकराला कळतं. तुझं घर हाय असंबी म्हणू नको, कारण तिला ते खरं वाटणार न्हाय. फकस्त कुठं काय ठेवलंय ते दाखव. पाण्याचा घडा, तांब्या, अंथरूण. तिचं तिला घेता येऊ दे. बाप परत जायला निघंल तवा तिला वेशीपतोर घेऊन जा, लपवून धाडू नको त्याला. रडंल तर रडू दे, तू गप म्हणू नको.

जेवायला बसवशील तवा ती जेवणार न्हाय. आग्रह करू नको. ताट वाढून ठेव आन् तू तिच्यापुढं पोटभर जेव. घरातलं माणूस बेफिकीर जेवताना दिसलं की लेकराची भीती जाती. किती दिवस लागतील सांगता येत न्हाय. ताट मातुर दोन्ही येळंला वाढायचं.

आन् तिनं मोठी होऊन जायचं हाय, हे पयल्याच दिवशी धरून चाल. म्हंजी जाताना जड जात न्हाय. जातंच, पर कमी.

फेब्रुवारीत शिवरात्रीला येडशीजवळच्या रामलिंगाच्या देवळाला येतोय आम्ही दोघं. तिथनं वीरभद्राला घेऊन वाशीला येऊ. चार दिवस राहू. तुझ्या हातचं खाऊ. मी चुलीपाशी येणार न्हाय, पाहुणी म्हणून बसणार हाय.

इथं अव्वाचं संपलं. ती उठून आत गेली आहे, तेव्हा एक गोष्ट माझी.

तुला ओट्यावर ठेवून कोंडीराम गेला त्या दिवशी तू जेवली नाहीस. दुसऱ्या दिवशीही नाही. पाणी प्यायचीस आणि रस्त्याकडं बघायचीस. तिसऱ्या दिवशीही तेच. ही दोन्ही वेळा तुझं ताट वाढायची, तुझ्यासमोर बसून स्वतः पोटभर जेवायची, एक घास कमी नाही. मला तिचा राग आला होता. म्हटलं, लेकरू उपाशी आहे आणि हिच्या घशाखाली उतरतं कसं. मग तिसऱ्या दिवशी दुपारी मी हात धुवायला मागं गेलो, तर ही परसात भिंतीला टेकून रडत होती आणि जेवलेलं सगळं उलटून टाकलं होतं. मला बघून म्हणाली, 'आत जाऊ नका, तिला कळंल.' तोंड धुतलं आणि पुन्हा तुझ्याजवळ जाऊन बसली.

चौथ्या दिवशी सकाळी तू आपणहून ताट पुढं ओढलंस आणि भाकरी खाल्लीस, दुधात कुस्करून, अर्धी. आम्ही दोघं दारात उभं राहून बघत होतो. त्या दिवशी दुकान उघडायला दुपार झाली. गिऱ्हाईकं ओट्यावर खोळंबली होती. कुणी विचारलं, 'बंडप्पा, आज घरात काय सण हाय का?'

मी म्हटलं, 'व्हय. पोरगी जेवली.'

अप्पा